हलक्या रिव्हॉल्व्हरसाठी मऊ काडतूस

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानांत नवख्या गिऱ्हाइकाला एक सल्ला हमखास मिळतो. हात लहान आहे, आधी कधी शस्त्र हाताळलेलं नाही, मग हे छोटं रिव्हॉल्व्हर घ्या. पर्समध्ये मावतं, वजन जाणवत नाही, पिस्तुलासारखी मॅगझिन आणि स्लाइडची भानगड नाही. भरा आणि चाप ओढा. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, पहिल्या पाच गोळ्या झाडल्या की तळहात झणझणतो, पाचव्या गोळीपर्यंत डोळे आपोआप मिटायला लागतात, आणि उरलेल्या पंचेचाळीस काडतुसांसकट तो खोका कपाटात जातो. सराव तिथेच संपतो.

यात चूक हाताची नसते. छोटं, हलकं रिव्हॉल्व्हर हे नवशिक्याचं शस्त्र नाहीच. नीट चालवायला सगळ्यात अवघड अशा हातबंदुकांत त्याचा नंबर वर लागतो. नळी जेमतेम दोन इंच, पुढची माशी (नेम धरायचा खुंट) बुटकी, मूठ धरायला करंगळीला जागा नाही. बिनकोंबड्याच्या, म्हणजे दर वेळी चाप पूर्ण ओढावा लागणाऱ्या प्रकारात चाप पाच किलोंच्या आसपास जोर मागतो आणि ज्याला स्थिर धरायचं ते शस्त्र असतं चारशे-सव्वाचारशे ग्रॅमचं. या सगळ्यावर झटका, म्हणजे गोळी सुटताना हाताला बसणारा मागचा धक्का. बाकीच्या अडचणी बदलायच्या तर शस्त्रच बदलावं लागेल. झटका मात्र मऊ, म्हणजे कमी जोराचं काडतूस घेऊन निम्म्यावर आणता येतो, आणि ते काम दुकानाच्या फळीसमोर उभं राहून पाच मिनिटांत होतं. फक्त खोक्यावरचे आकडे वाचता यायला हवेत.

इथे उदाहरण म्हणून '.३८ स्पेशल' या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर घेऊ, कारण छोट्या रिव्हॉल्व्हरांत अमेरिकेत सर्वाधिक चलन त्याचंच आहे. स्मिथ अँड वेसनने १९५० साली पाच गोळ्यांची छोटी बांधणी बाजारात आणली, ती 'जे-फ्रेम' म्हणून ओळखली जाते. तिच्या ॲल्युमिनियमच्या आवृत्त्या ४१० ते ४२५ ग्रॅमच्या आहेत. २००९ मध्ये रुगरचं 'एलसीआर' आलं, ते त्याहूनही हलकं, ३८० ग्रॅमच्या घरात. तीच जे-फ्रेम पूर्ण पोलादात घेतली तर साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरते. आणि एके काळी पोलिसांच्या कमरेला असायचं ते चार इंची नळीचं पूर्ण आकाराचं रिव्हॉल्व्हर जवळपास एक किलोचं.

झटक्याचं गणित आपण नववीच्या विज्ञानातच केलेलं आहे. संवेग अक्षय्यतेच्या धड्यात बंदुकीचा प्रतिक्षेप वेग काढायला सांगतात, तेच हे. गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते तितक्याच संवेगाने बंदूक मागे येते. गोळीचं वस्तुमान गुणिले तिचा वेग, त्यात जळालेल्या दारूच्या वायूंचा वाटा मिळवायचा, आणि बंदुकीच्या वस्तुमानाने भागायचं, की बंदुकीचा मागे येण्याचा वेग मिळतो आणि त्यावरून हातात येणारी ऊर्जा. वायूंचा वाटा लोक विसरतात. दारू वजनाने किरकोळ असली तरी तिचे वायू गोळीच्या कितीतरी पट वेगाने बाहेर पडतात.

सव्वाचारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरवर हे गणित मांडलं तर चित्र असं दिसतं. १४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, साधारण ६५ मिलिग्रॅम) सरावाची सपाट गोळी, वेग सेकंदाला सुमारे ७०० फूट, तर हातात येणारी ऊर्जा ढोबळ मानाने सहा ज्यूल. १५८ ग्रेनची साधी शिशाची गोळी ७५५ फुटांनी सोडली तर आठ ज्यूल. तीच १५८ ग्रेन 'प्लस पी' म्हणजे वाढीव दाबाच्या काडतुसातून ८९० फुटांनी सोडली तर बारा. आणि .३५७ मॅग्नम हे कितीतरी जोरदार काडतूस झेलणारं तितक्याच वजनाचं रिव्हॉल्व्हर असेल, त्यात १५८ ग्रेनचं पूर्ण ताकदीचं मॅग्नम भरलं, तर तीस. खोक्यांवरचे वेग साधारण चार इंची नळीतून मोजलेले असतात. दोन इंची नळीत ते घसरतात, म्हणून प्रत्यक्षातले आकडे थोडे खाली येतील. पण आपसातलं प्रमाण तेच राहतं: मऊ काडतूस आणि मॅग्नम यांत पाचपट फरक. बोअर (नळीच्या भोकाचा व्यास) तोच, मनगट तेच.

वजनाचा परिणामही इथेच कळतो. सहा ज्यूलवालं तेच सपाट गोळीचं काडतूस किलोभराच्या जुन्या पोलिसी रिव्हॉल्व्हरमधून झाडलं तर अडीच ज्यूलच्या आसपासच झटका येतो. म्हणून आजोबांच्या काळातला एखादा निवृत्त शिपाई 'थर्टी-एट स्पेशलला काय झटका असतो का!' म्हणून हसला, तर तो खोटं बोलत नसतो. त्याचं शस्त्र दुप्पट जड होतं, इतकंच.

आता खोका. त्यावर दोन आकडे महत्त्वाचे: गोळीचं वजन ग्रेनमध्ये आणि नळीच्या तोंडाशी असलेला वेग, फूट प्रतिसेकंद. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागा. स्पर्धा खेळणारे याला पॉवर फॅक्टर म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितका झटका कमी. वेग खोक्यावर नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर असतो.

करून पाहू. १४८ ग्रेन, ६९० फूट: १०२. १३० ग्रेनची तांब्याचं आवरण असलेली गोळी, ८०० फूट: १०४. १५८ ग्रेन, ७५५ फूट: ११९. १५८ ग्रेन प्लस पी: १४१. मॅग्नम: १९५.

या आकड्यांमुळे एक मोठा गैरसमज दूर होतो. 'हलकी गोळी म्हणजे हलका झटका' असं दुकानातही सांगतात. १२५ ग्रेनची प्लस पी गोळी ९४५ फुटांनी जाते. गुणाकार येतो ११८. म्हणजे १५८ ग्रेनच्या साध्या गोळीइतकाच. वर दारू जास्त, दाब जास्त, आवाज कडक, त्यामुळे हाताला ती अधिकच टोचते. हलकी गोळी जोराने फेकली तर हाताला काहीच सुटका मिळत नाही. दुसरी गोष्ट, '१३० ग्रेन' एवढंच पाहून खोका उचलू नका. एका कंपनीचं १३० ग्रेन ८०० फुटांचं, तर दुसरीचं ८९० फुटांचं. पहिल्याचा गुणाकार १०४, दुसऱ्याचा ११६. दोन्ही 'सरावासाठी' म्हणूनच विकली जातात.

आणि .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर असणाऱ्यांनी एक सवलत लक्षात ठेवावी: त्यात .३८ स्पेशल बिनधास्त चालतं. गोळीचा व्यास एकच आहे, मॅग्नमची पुंगळी (दारू आणि गोळी धरणारं धातूचं नळकांडं) फक्त थोडी लांब. १९३५ मध्ये मॅग्नम आलं तेव्हा ते जुन्या .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये म्हणून मुद्दाम लांब ठेवलं होतं. त्यामुळे उलटा प्रयोग होत नाही, तो करूही नये. तसंच '.३८ एस अँड डब्ल्यू' नावाचं एक वेगळंच जुनं काडतूस आहे, आखूड आणि किंचित जाड. नाव जवळचं असलं तरी ते आपलं नव्हे. नळीवर जे कोरलंय तेच खोक्यावर अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

आता या लेखाचा खरा नायक: १४८ ग्रेनची सपाट गोळी, जिला सगळे 'वॉडकटर' म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते काडतूस अर्धवट बनवल्यासारखं वाटतं. गोळी बाहेर डोकावतच नाही. पुंगळीच्या काठाशी सपाट होऊन आत बसलेली असते. नुसती शिशाची वृत्तचिती. कागदी लक्ष्यावर ती पंच मारल्यासारखं गोल, स्वच्छ भोक पाडते. टोकदार गोळीसारखा कागद फाटत नाही, म्हणून गुण मोजताना वाद होत नाहीत. त्यासाठीच ती जन्माला आली.

पण ती मऊ का, याचं कारण पुंगळीच्या इतिहासात आहे. .३८ स्पेशल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं, काळ्या दारूच्या सवयीतून घडलेलं काडतूस. काळी दारू भरपूर लागते, म्हणून पुंगळी लांब. पुढे धूरविरहित दारू आली, ती चिमूटभर पुरते, आणि पुंगळीचा मोठा भाग रिकामा राहू लागला. या पोकळीत दारू कधी पुढे सरकते, कधी मागे बसते, आणि त्यानुसार गोळीचा वेग बदलतो. दारू जितकी कमी, तितकी ही लहर जास्त. वॉडकटर पूर्ण आत खोचलेली असल्याने ती रिकामी जागा स्वतःच भरून टाकते. मग थोड्याशा दारूवरही जळण एकसारखं होतं. म्हणजे कमी झटका आणि चांगला नेम या दोन्ही गोष्टी एकाच युक्तीने साधल्या. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या लक्ष्यभेद स्पर्धांत या काडतुसाने राज्य केलं. स्मिथ अँड वेसनने तर १९६१ मध्ये 'मॉडेल ५२' नावाचं एक पिस्तूलच असं काढलं, की त्यात फक्त हेच सपाट काडतूस चालायचं.

बऱ्याच कारखानी वॉडकटरची मागची बाजू पोकळ असते. दाबाने ही शिशाची कड फुगून नळीच्या आतल्या आट्यांत (पिळदार खाचांत) घट्ट बसते आणि नेम सुधारतो. जास्त दाब दिला तर हीच कड फाटू शकते, म्हणून कारखाने या काडतुसाला जोर देतच नाहीत. फेडरल, रेमिंग्टन, विंचेस्टर, मॅगटेक, कुणाचंही १४८ ग्रेन घ्या, वेग ६९० ते ७१० फुटांतच सापडतो. १३० ग्रेनच्या बाबतीत प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं. इथे तो प्रश्नच येत नाही. नवख्याने डोळे झाकून एकच खोका उचलायचा असेल तर हाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोटे आहेतच. सपाट तोंडामुळे सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या चक्रात, भरताना काडतूस भोकाच्या काठाला अडखळतं. सावकाश भरावं लागतं. साध्या १३० ग्रेनपेक्षा ते बहुधा महाग पडतं आणि लहान दुकानांत नेहमी मिळतही नाही. वर उघडं शिसं, त्यावर मेणासारखं वंगण, त्यामुळे धूर होतो आणि नळी साफ करायला जास्त वेळ लागतो. काही अतिहलक्या रिव्हॉल्व्हरांच्या पुस्तिकेत उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं लिहिलेलं असतं, कारण झटक्याने मऊ गोळी पुंगळीतून सुटू शकते. ही सूचना प्रामुख्याने जोरदार काडतुसांना लागू पडते. तरी पुस्तिका आधी वाचावी, आणि तिच्याशी वाद घालू नये.

ही पुढे सरकण्याची भानगड थोडी समजून घेण्यासारखी आहे. हलकं रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे उसळतं तेव्हा सिलिंडरमध्ये वाट पाहणारी उरलेली काडतुसंही मागे खेचली जातात. पण त्यांच्यातली जड गोळी जागेवर राहू पाहते. पुंगळीची पकड सैल असेल तर गोळी हळूहळू पुढे येते, शेवटी सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि चक्र अडकतं. नवीन प्रकारचं काडतूस घेतलं की चार झाडावीत, पाचवं न झाडता बाहेर काढावं आणि कोऱ्या काडतुसाशेजारी ठेवून लांबी पाहावी. फरक दिसला तर तो प्रकार त्या शस्त्राला नको. मऊ काडतुसांत हे सहसा घडत नाही, हा त्यांचा आणखी एक फायदा.

वॉडकटर मिळालं नाही तर? ८०० फुटांच्या आसपासचं १३० ग्रेन ठीक. झटका जवळपास तितकाच आणि हाताला शिसं कमी लागतं. 'काउबॉय' म्हणून विकली जाणारी, जुन्या काळच्या वेशात खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांसाठीची १५८ ग्रेनची सौम्य काडतुसंही चालतात. वेग मात्र तपासून घ्या. 'लाइट' नावाने स्वसंरक्षणाची हलकी काडतुसंही मिळतात. त्यांपैकी ९० ग्रेन, १२०० फूट असलेल्या एका प्रकाराचा गुणाकार १०८ येतो. झटका खरंच कमी आहे, पण एका खोक्यात थोडीच असतात आणि भाव सरावाला परवडणारा नाही.

शस्त्र अजून घेतलंच नसेल तर आणखी एक वाट आहे, आणि ती माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची: बोअरच लहान घ्यावा. .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे १८९६ चं काडतूस; ९८ ग्रेनची गोळी, सातशेच्या आसपास वेग, गुणाकार जेमतेम ६९. अमेरिकेत .३२७ फेडरल मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर घेतलं तर त्यात हे जुनं .३२ लाँगही चालतं, १९८४ चं .३२ एच अँड आर मॅग्नमही चालतं. सरावाला पहिलं, बाळगायला दुसरं. त्याहूनही खाली .२२ एलआर आहे: ४० ग्रेन, १०७० फूट, गुणाकार ४३. तीच जे-फ्रेम किंवा तोच एलसीआर .२२ मध्ये मिळतो. मूठ तीच, माशी तीच, फक्त चाप थोडा जड. आणि काडतूस इतकं स्वस्त की मोजून झाडावं लागत नाही.

.३२ म्हटलं की महाराष्ट्रातल्या वाचकाचे कान टवकारतील, कारण भारतात सर्वसाधारण परवान्यावर मिळणारं रिव्हॉल्व्हर याच बोअरचं. २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने महिलांसाठी म्हणून काढलेलं 'निर्भीक' .३२ चंच, टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅमचं. या बोअरची काडतुसं पुण्याच्या खडकीतल्या, १८६९ पासून चालू असलेल्या दारूगोळा कारखान्यात बनत आली. बुडावर 'केएफ' अशी खूण असते. तिकडे काडतूस निवडण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. परवान्यावर किती मिळतील याची मर्यादा, आणि मिळतील ती घ्यायची. पण योगायोगाने बोअरच मुळात सौम्य आहे. जागतिक नेमबाजीत २५ मीटर सेंटर फायर प्रकारातही .३२ लाँगची सपाट गोळीच बहुतेकांच्या पसंतीची. याच प्रकारात जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई खेळांत ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी करून सुवर्ण घेतलं. त्या स्पर्धेत पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालतं. म्हणजे ज्यांचा नेम जगात सगळ्यात पक्का, तेसुद्धा सौम्य काडतूस आणि जड शस्त्र पसंत करतात. आणि नवख्याच्या हातात आपण देतो चारशे ग्रॅम!

मऊपणालाही तळ असतो. काडतुसात दारू फारच कमी असेल किंवा राहूनच गेली असेल, तर गोळी नळीतच अडकू शकते. कारखानी मालात हे क्वचित होतं. घरी भरलेल्या किंवा बंदुकांच्या जत्रेत कुणाकडून तरी घेतलेल्या पुनर्भरित काडतुसांत जास्त. अनोळखी माणसाने भरलेलं काडतूस कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये. धडाम्‌ऐवजी फुस्स आवाज आला, झटका जाणवलाच नाही, किंवा कागदावर भोक दिसलं नाही, तर तिथेच थांबायचं. नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, मग सिलिंडर उघडून सगळी काडतुसं काढायची, आणि शस्त्र पूर्ण रिकामं आहे हे पाहूनच नळी मोकळी आहे का ते तपासायचं. अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. मऊ काडतुसांनी सराव करणाऱ्याने हा फरक कानाने ओळखायला शिकणं भाग आहे, कारण त्याचा नेहमीचा आवाजच मुळात सौम्य असतो.

शिशाचंही तसंच. गोळीबरोबर दारू पेटवणाऱ्या टोपीतूनही शिशाची धूळ उडते. हवा खेळती नसलेल्या बंद रेंजवर वॉडकटरचा अख्खा खोका झाडू नये. नंतर हात साबणाने आणि गार पाण्याने धुवावेत, रेंजवर खाणंपिणं टाळावं, आणि रेंजचे कपडे लहान मुलांच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. गरोदर बाईने रेंजवर जायच्या आधी डॉक्टरांशी बोलावं. शिसं आणि आवाज, दोन्हींचा प्रश्न आहे.

नेमाबद्दल थोडंसं. छोट्या रिव्हॉल्व्हरची माशी हलवता येत नाही; .३८ मध्ये ती बहुधा १५८ ग्रेनच्या गोळीला धरून बसवलेली असते. हलकी, वेगवान गोळी नळीतून लवकर सुटते, झटक्याने नळी वर उचलायच्या आत, म्हणून खाली लागते. १४८ ग्रेन आणि १५८ ग्रेन यांत सात-आठ मीटरवर हा फरक नगण्य असतो. ९० किंवा ११० ग्रेनमध्ये तो कळतो. कागदावर सगळ्या गोळ्या खाली जाताहेत म्हणून स्वतःला दोष द्यायच्या आधी खोका बघावा.

अर्थात बहुतेक वेळा दोष खोक्याचा नसतोच. गोळी सुटण्याच्या क्षणी मनगट आधीच खाली दाबलं जातं, कारण मेंदूने धक्क्याची अपेक्षा धरलेली असते. रेंजवर याला फ्लिंच म्हणतात. एकदा ही सवय लागली की मोडायला महिने जातात, आणि ती लागते सुरुवातीच्या काही खोक्यांतच. सुरुवातीला मऊ काडतूस घ्या असा हट्ट धरायचं खरं कारण हेच. तळहाताचं दुखणं दोन दिवसांत थांबतं. फ्लिंच ओळखायचा जुना उपाय म्हणजे सोबत्याने सिलिंडरमध्ये दोन-तीन खरी आणि बाकी खोटी काडतुसं आपल्याला न दाखवता भरायची. खोट्यावर चाप पडला आणि नळीने खाली मान टाकली, की निदान झालं. त्याच खोट्या काडतुसांवर घरी, खरा दारूगोळा दुसऱ्या खोलीत कुलुपात ठेवून, चापाचा कोरडा सराव करता येतो. त्याला झटका शून्य, खर्च शून्य.

मग कायम मऊच झाडायचं का? नाही, आणि याला एक कटू इतिहास आहे. ५ एप्रिल १९७० च्या मध्यरात्रीच्या सुमारास कॅलिफोर्नियात न्यूहॉलजवळ दोन सशस्त्र गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलचे चार अधिकारी मारले गेले. नंतर जी चिरफाड झाली तिच्यात अनेक गोष्टी निघाल्या. त्यातली एक अशी की काहींच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७ मॅग्नम होतं, पण प्रशिक्षण मात्र .३८ स्पेशलवर झालेलं. मॅग्नमचा भडका आणि झटका त्यांच्या हातांच्या ओळखीचा नव्हता. पुढे खात्याने सरावाचं आणि कामावरचं काडतूस जुळवून घेतलं. त्यासाठी सगळ्यांना मॅग्नम झेपवायला लावण्याऐवजी कामावर .३८ स्पेशल ठेवलं, हे मला त्यातलं समंजसपणाचं वाटतं.

आपल्यापुरतं म्हणजे असं. पन्नासातली चाळीस-पंचेचाळीस मऊ झाडावीत, आणि घरात किंवा जवळ जे काडतूस ठेवता त्याची एक फेरी, पाच गोळ्या, शेवटी. शेवटी अशासाठी की त्यांनी लावलेली दचक घेऊन उरलेला सराव करावा लागू नये. ती शेवटची फेरी दर वेळी नकोशी वाटत असेल, तर तुमचं बाळगायचं काडतूस तुमच्या शस्त्राला जड आहे. तेच सौम्य करा. काही जाणकार प्रशिक्षक तर दोन इंची रिव्हॉल्व्हरमध्ये बाळगायलाही वॉडकटरच घ्या म्हणतात, कारण नेमकी लागलेली मंद गोळी हुकलेल्या वेगवान गोळीपेक्षा उपयोगाची. यावर दुसरी मतंही आहेत, आणि तो वाद या लेखाच्या बाहेरचा.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी कायद्याची बाजू, कारण ती काडतुसालाही लागू आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं, असे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. राज्यांचे नियम त्यावर वेगळे: न्यू जर्सीत हातबंदुकीची काडतुसं घ्यायलाही ओळखपत्र किंवा परवाना दाखवावा लागतो, टेक्सासमध्ये असं काही नाही. मित्राच्या घरी ठेवलेला खोकाही ताबा ठरू शकतो का, असे प्रश्न वकिलाला विचारावेत, व्हॉट्सॲप गटाला नव्हे.

आणि रेंजवर नेलेली पिशवी भारतात येताना प्रवासाला वापरू नये. एखादं काडतूस अस्तराच्या शिवणीत, बाजूच्या कप्प्यात राहून जातं. मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर ते क्ष-किरण यंत्रात सापडलं की शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता या कारणाने उच्च न्यायालयांनी असे गुन्हे पुष्कळदा रद्द केले आहेत, पण तिथपर्यंत पोचायला विमान चुकतं, पारपत्र अडकतं आणि वकिलाचं बिल येतं. रेंजची पिशवी वेगळी ठेवा, आणि ती गाडीच्या डिकीतून घरातल्या सामानात येऊ देऊ नका.